पूरग्रस्तांच्या बादलीत काय असावे?

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ यांची बातमी कानी आली, की आपल्या गावांतून घरोघरी पहिला हात जातो तो कपड्यांच्या कपाटाकडे. लहान झालेली झबली, विटलेली लुगडी, कोपरावर विरलेले सदरे यांचे गाठोडे बांधले जाते, चर्चच्या ओसरीवर त्यांची रास पडते, आणि ट्रक निघून गेला म्हणजे आपले कर्तव्य आटोपले असे वाटून आपण निर्धास्त होतो. देण्याची ही बुद्धी मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जिच्या घरात कमरेइतके गटाराचे पाणी शिरून ओसरले, त्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम काय लागते, हा प्रश्न गाठोडे बांधताना क्वचितच कोणी विचारतो. तिला साबण लागतो. झाकणाची बादली लागते. मुलाला शौचाहून आणल्यावर धुवावयास तांब्या लागतो. आणि महिन्याच्या त्या चार दिवसांसाठी स्वच्छ कापड लागते, जे ती मदत वाटणाऱ्या पुरुषापाशी कधीही मागणार नाही.

या साध्या वस्तूंविषयी आज वाचकांशी थोडे सविस्तर बोलावे असे आम्ही योजिले आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते हैदराबाद शहराचे. त्यास कारण आहे. हे शहर आपल्याला परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सारा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजही लातूर, नांदेड, धाराशिवकडचा माणूस दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी हैदराबादेस जातो, आणि सुलतान बाजाराच्या परिसरात मराठी शब्द सहज कानी पडतो. दुसरे असे की, पाण्याने हे शहर किती वेळा झोडपले गेले, याचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना व चांगला नोंदलेला आहे.

२८ सप्टेंबर १९०८. मुसा, म्हणजे ज्या नदीला हैदराबादकर मुसी म्हणतात, ती एरवी उन्हाळ्यात गुडघाभरही नसते. त्या दिवशी तिने अफझलगंज व आसपासच्या वस्त्या गिळून टाकल्या. पुलांपैकी एक तेवढा जुना पूल टिकला. अफझल, मुसल्लमजंग व चादरघाट येथील पूल पाण्याने मोडले. मृतांचा आकडा सुमारे १५,००० सांगितला जातो, आणि बेघर झालेल्यांचा ८०,००० च्या घरात. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड उस्मानिया इस्पितळाच्या अंगणात हैदराबादकर अजूनही मोठ्या ममतेने दाखवितात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्याच पुरात वाहून गेल्या. ते एकटे उरले. पुढे रुबाया लिहिणारा श्रेष्ठ कवी म्हणून त्यांची कीर्ती झाली, परंतु त्या दिवसाची सावली त्यांच्यावरून कधीच हटली नाही.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी लोकांसाठी अन्नछत्रे उघडली. पण त्याहून दूरदृष्टीची गोष्ट पुढच्या वर्षी घडली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १९०९ साली हैदराबादेस पाचारण करण्यात आले. त्यांना दोन कामे सांगितली होती, आणि आपल्याकडे त्यांतले एकच लक्षात राहते. पहिले, पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून उपाय सुचविणे. त्यातून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे दोन जलाशय निर्माण झाले. दुसरे काम होते शहराच्या सांडपाण्याची योजना. पूर व सांडपाणी ही दोन निराळी संकटे नव्हेत, पूर ओसरल्यावर गावात जो राहतो तो सांडपाण्याचा रोग, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. १९१२ साली तेथे शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळही स्थापन झाले, आणि दाट, कोंदट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम त्याने हाती घेतले.

एवढे होऊनही पाणी थांबले नाही, कारण शहर वाढले व तळी बुजली. १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरावरून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने हैदराबादेवर असा पाऊस पाडला, की शहराच्या कडेला घटकेसरजवळ एका दिवसात ३० सेंटिमीटरांहून अधिक नोंद झाली. पल्ले चेरुवू व काही दिवसांनी बालापूरजवळचा गुर्रम चेरुवू हे तलाव फुटले. (चेरुवू म्हणजे तेलुगूत तळे.) हाफीज बाबानगर, चांद्रायणगुट्टा, टोलीचौकी या भागांत माणसे गच्चीवर दिवस काढीत होती. तोच पाऊस पुढे पश्चिमेस सरकून सोलापूर-पंढरपूरकडे बरसला. आणि हे सारे कोरोनाच्या साथीत! हात वारंवार धुवा असे सरकार सांगत होते, आणि धुवावयास पाणी होते ते खाली अंगणात, काळे व दुर्गंधी.

शहरातील पूर आणि खेड्यातील पूर यांत एक फरक आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. खेड्यात नदीचे पाणी येते, त्याबरोबर गाळ येतो. शहरात येणारे पाणी गटारातून उलटे चढते. शौचकूप, न्हाणी, गल्लीतील मॅनहोल यांतून ते घरात शिरते. पाणी उतरले तरी जमिनीवर, भिंतीवर, गादीत, भांड्यात जे राहते, ते नुसते चिखलपाणी नसते. म्हणून तांदूळ-डाळीची पोती येऊन पोचली, तरी ज्या हाताने भात कालवायचा तो हात कशाने धुवायचा, हा प्रश्न उरतोच. साबणाने हात धुण्याच्या सवयीने अतिसाराचे प्रमाण पाव ते एक-तृतीयांश इतके घटते, असे देशोदेशींच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. दहा-वीस रुपयांच्या वडीने एवढे काम होत असेल, तर तिला पिशवीच्या तळाशी का लोटावे?

येथे आम्ही वाचकांपुढे थोडा हिशेब ठेवतो. आपल्याकडे हिशेब झाल्याशिवाय गोष्ट पटत नाही.

जगातील मदतसंस्था व रेडक्रॉसची मंडळी यांनी १९९७ साली एकत्र येऊन संकटग्रस्तांना किमान काय मिळालेच पाहिजे याची मानके ठरविण्यास आरंभ केला. ‘स्फिअर’ या नावाने ती ओळखली जातात. त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत असे आहे की, दरमाणशी दरमहा अंगाचा साबण २५० ग्रॅम व कपड्यांचा साबण २०० ग्रॅम मिळावा. प्रत्येक कुटुंबाला दहा ते वीस लिटरांची दोन भांडी मिळावीत, एक पाणी आणावयास व दुसरे साठवावयास. आणि माणशी रोज किमान १५ लिटर पाणी असावे. आता पाच माणसांचे कुटुंब धरा. महिन्याला अंगाचा साबण सव्वा किलो, कपड्यांचा एक किलो. शंभर ग्रॅमची वडी धरली तर अंगाच्या साबणाच्या बारा-तेरा वड्या झाल्या! आपण एका कुटुंबाच्या पिशवीत साबणाची एक वडी टाकतो, आणि वर ती लहान आकाराची. ती वडी चार दिवसांत झिजते. पूरग्रस्त कुटुंब घरी परतून घर धुवावयास लागते ते तर पाचव्या-सहाव्या दिवशी.

दोन भांड्यांचा आग्रह का, तेही सांगावयास हवे. टँकरचे पाणी स्वच्छ असते. ते घाण होते घरात. उघड्या घागरीत लहान मूल हात घालते, ओल्या बोटांनी पेला बुडविला जातो. म्हणून झाकण घट्ट बसणारी, शक्य तर तोटी असलेली बादली द्यावी. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे तरी द्यावे. बादली दिली म्हणजे दुसरीही सोय होते. बाकीचे सारे सामान तिच्यातच भरता येते. निराळे खोके नको, पावसात भिजून फाटण्याची भीती नको, आणि बाईला ती काखेत किंवा डोईवर घेऊन जाता येते. भरलेली बादली आठ-दहा किलोंच्या वर जाता कामा नये. वाटप करणाऱ्यांस वजनाचे काही वाटत नाही, कारण ते ट्रकमधून उतरवितात. घेणारी मात्र ती चिखलातून अर्धा कोस नेत असते.

क्लोरीनच्या गोळ्या हव्यातच. मात्र त्यांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. गोळी टाकली की कसलेही पाणी शुद्ध होते, असे नाही. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो. पाणी आधी स्वच्छ फडक्यातून गाळावे, तुरटी फिरवून निवळू द्यावे, मग वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे गोळी घालून अर्धा तास थांबावे. तेव्हा गोळ्यांबरोबर तुरटीचा खडा व दोन हात पांढरे जाड कापड दिले, तर त्या गोळ्यांचे चीज होते. खेड्यांतील आपल्या आयाबहिणींना तुरटी शिकवावी लागत नाही. शहरातल्या तरुण संसारांना मात्र ती ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे.

जलसंजीवनीची पाकिटेही द्यावीत. ती स्वच्छतेची वस्तू नव्हे, असे कोणी म्हणेल. पण स्वच्छता जेथे अपुरी पडते तेथे जीव वाचविते ती हीच. १९७१ साली बांगला देशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे मरत असता, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपांतून पाण्यात कालवून रुग्णांच्या नातलगांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२३ साली, ते वारल्यानंतर. असो.

आता ज्या विषयाला आपल्या घरांतून अजूनही आवाज खाली करून बोलले जाते, त्याकडे वळू. आम्ही धर्मगुरू, हा विषय आम्ही काढावा काय, असे काही वाचकांस वाटेल. परंतु नाजूक म्हणून जो विषय टाळला जातो, त्याची किंमत नेहमी दुसरेच कोणी भरते. मदतछावणी म्हणजे बहुधा एखादी शाळा किंवा सभागृह. एका खोलीत पाच-सहा कुटुंबे. शौचकूप दोन, त्यांतल्या एकाचे दार लागत नाही. अशा जागी पंधरा वर्षांची मुलगी, तिची आई व तिची काकी यांनी काय करावे? पाळी पुरासाठी थांबत नाही.

दिल्लीच्या गूंज या संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांनी सांगितलेली एक हकीकत फार बोलकी आहे. एका बाईने पाळीसाठी जुन्या पोलक्याचा तुकडा वापरला. त्याला गंजलेला हुक तसाच राहिला होता. तिला धनुर्वात झाला आणि ती दगावली. १९९९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने पुढे जुन्या सुती कपड्यांपासून धुतलेले, तपासलेले, हुक-बटण काढलेले कापडी पॅड तयार करण्याचे काम हाती घेतले. गुप्ता यांस २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वाचकांनी लक्षात ठेवावी ती गोष्ट अशी, की कापड वाईट नसते. घाईने, न तपासता, न धुता दिलेले कापड वाईट असते.

कापड द्यावे की बाजारचे पॅड, यावर वाद चालतो. उपरोक्त मानकांत दोन्ही मान्य आहेत: वर्षाला चार चौरस मीटर शोषक सुती कापड, किंवा महिन्याला १५ एकदा वापरण्याचे पॅड, किंवा वर्षाला धुऊन वापरावयाचे सहा पॅड, आणि कोणते हवे ते त्या बायकांनीच सांगावे. हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. छावणीत पाणी नसेल, वाळत घालावयास आडोसा नसेल, तर कापड धुणार कोठे? तेथे बाजारचे पॅड बरे. पण पॅड दिले तर ते टाकावयाचे कोठे, याचीही व्यवस्था पाहिजे; नाही तर ते शौचकुपात जातात, तुंबतात, आणि ज्या गटाराने घर बुडविले तेच पुन्हा वर येते. म्हणून पॅडबरोबर जुन्या वर्तमानपत्राचे कागद किंवा कागदी पिशव्या व छावणीत एक झाकणाचा डबा हवा. कापड दिले तर साबण जास्त द्यावा, एक दोरी व काही चिमटे द्यावेत, आणि एक गडद रंगाची पिशवी. नवी अंतर्वस्त्रे हवीतच. त्यांवाचून पॅड देणे म्हणजे चूल न देता तवा देणे होय, आणि दात्यांच्या यादीत नेमकी तीच नसतात.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीने स्त्रियांसाठीच्या अशा संचाला ‘डिग्निटी किट’, म्हणजे प्रतिष्ठेची पेटी, असे नाव दिले आहे. नाव आम्हांस आवडले. यांत फणी, टॉवेल, विजेरी अशाही वस्तू असतात. विजेरी कशाला, असा प्रश्न एखाद्या गृहस्थाने विचारला तर त्याच्या घरच्या स्त्रीने त्याला उत्तर द्यावे. रात्रीच्या अंधारात छावणीच्या टोकाला असलेल्या शौचकुपाकडे एकटीने जाणे म्हणजे काय, हे तिला समजते.

वाटप करणाऱ्या स्त्रियाच असाव्यात. पेट्या उघड्या करून, छायाचित्र काढीत वाटू नयेत. एखाद्या मुलीच्या हातात पॅडचे पाकीट देऊन तिचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापविणाऱ्या मंडळींची दानशूरता आम्हांस तरी कळत नाही.

जुन्या कपड्यांकडे पुन्हा एकवार येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असता, लातूर जिल्ह्यातील किल्लारी व शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरचा परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. आठ ते दहा हजार लोक गेले. साऱ्या महाराष्ट्रातून व शेजारच्या आंध्रातून मदतीचा ओघ लागला. त्यात धान्य होते, औषधे होती, डॉक्टर होते. आणि कपड्यांचे डोंगर होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तेच झाले. कोळणीला न चालणारे पोशाख, थंडीचे कोट, एकेकच मोजा असे नकोसे कपडे रस्त्याच्या कडेला पावसात कुजत पडले, आणि गूंजसारख्या संस्थांना ते उचलून, निवडून पुन्हा उपयोगात आणण्याचे निराळेच काम करावे लागले. संकटग्रस्त मनुष्य गरीब असेलच असे नाही. आणि गरीब असला तरी त्याला आवडनिवड असते. पुरात गेलेले त्याचे धोतर त्याचे होते.

मग प्रत्यक्ष काम कसे करावे? एखाद्या धर्मग्रामाने शंभर कुटुंबांसाठी शंभर बादल्या करावयाचे ठरविले, असे समजू. पहिली गोष्ट, घरोघरून वस्तू गोळा करू नयेत. घरोघरून आले म्हणजे वीस प्रकारचे साबण येतात, चार बादल्यांत तीन टूथपेस्ट जातात व सहाव्यात एकही नाही, आणि वाटपाच्या जागी कोणाला काय मिळाले यावरून कलह माजतो. दात्यांकडून पैसे घ्यावेत, किंवा प्रत्येक वाडीला एकच वस्तू नेमून द्यावी: एका वाडीने शंभर टॉवेल, दुसरीने शंभर दोऱ्या. सर्व बादल्यांत तेच, तेवढेच. मुलांना यात मोठा आनंद वाटतो. टेबलांची रांग लावून बादली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवीत नेली, प्रत्येक टेबलावर एक वस्तू पडली, की शेवटच्या टेबलावरील कडक स्वभावाच्या मावशीने मोजून झाकण लावावे. अशी एक मावशी प्रत्येक धर्मग्रामात असतेच.

साबण व खाद्यवस्तू एकाच बादलीत घालू नयेत. ज्याने एकदा साबणाच्या वासाचा भात खाल्ला आहे त्याला हे सांगावे लागणार नाही. ब्लीचिंग पावडर तर सर्वांपासून निराळी, दुहेरी पिशवीत, कोरडी ठेवावी. ती कपडे खाते, धातू खाते, आणि ओल लागली की तिचा वास डोके उठवितो. गोळ्यांवरची व पाकिटांवरची मुदत वाचावी. बादलीच्या झाकणावर आत काय आहे याची चिठ्ठी चिकटवावी. हैदराबादेस पाठवावयाची असेल तर ती तेलुगू व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत हवी. क्लोरीनच्या गोळीचे चित्र काढून, ती गिळावयाची नाही हे चित्रानेच दाखवावे. गोळी म्हटली की ती तोंडात जाते, हा आपला सर्वांचा स्वभाव आहे.

सामान येथून पाठवावे की पैसे पाठवून तिकडेच घ्यावे? आमचे मत स्पष्ट आहे. पूर जवळच असेल, वाटा मोकळ्या असतील, तर सामान पाठवावे. त्यात गावाचे हात लागतात आणि त्या हातांचेही काही मोल आहे. पण दूरच्या मोठ्या शहरासाठी साबणाचे ट्रक पाठविणे हे शहाणपणाचे नव्हे. हैदराबादेस बेगम बाजारासारखी घाऊक पेठ आहे. आपल्या तालुक्याच्या बाजारात जी वस्तू मिळते ती तेथे कमी दरात मिळेल, वाहतूक वाचेल, आणि तेथल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात दोन पैसे पडतील, जे त्यालाही पुरानंतर हवेच असतात. तेलंगणा सरकारने २०२० साली बाधित कुटुंबांस दहा हजार रुपये रोख दिले, ते याच विचाराने योग्य होते. बिशपांच्या वतीने देशभर समाजकार्य करणारी, १९६२ साली स्थापन झालेली कॅरिटास इंडिया व निरनिराळ्या धर्मप्रांतांची समाजसेवा केंद्रे यांच्यामार्फत पैसे पोचविता येतात. पावती मात्र मागावी व ती चर्चच्या फलकावर लावावी.

नदीशेजारी राहणाऱ्यांस व भातशेती करणाऱ्यांस आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. केरळात २०१८ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. उंदीर व जनावरे यांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेतून हा ताप शरीरात शिरतो. तेथील सरकारने सफाईस उतरणाऱ्या स्वयंसेवकांस डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावयास सांगितले. कोकणातल्या शेतकऱ्याला ‘लेप्टो’ हा शब्द नवा नाही. पूरग्रस्तांचे घर साफ करण्यास आपली तरुण मंडळी उत्साहाने अनवाणी धावतात. त्यांनी गमबूट व हातमोजे घातल्यावाचून उतरू नये. बादल्यांच्या यादीत प्रत्येक दहा कुटुंबांमागे दोन जोड गमबूट धरले, तर ते आलटून पालटून वापरता येतील.

हे सारे दूरचे नाही. १ सप्टेंबर २०२४ रोजी मुन्नेरू नदीने खम्मम शहरात हाहाकार केला, त्याच वेळी विजयवाडाही बुडाले होते. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री मुसीचे पाणी हैदराबादच्या महात्मा गांधी बसस्थानकात शिरले आणि प्रवाशांना दोऱ्या लावून बाहेर काढावे लागले. मराठवाड्याकडे जाणाऱ्या कितीतरी एस. टी. गाड्या याच स्थानकातून सुटतात. आणि त्याच आठवड्यात धाराशिव, बीड, लातूर व सोलापूर या जिल्ह्यांत सीना व इतर नद्यांनी शेते मातीसकट खरवडून नेली. एकाच पावसाने दोन्ही बाजूंची माणसे एकाच वेळी बेघर झाली. हैदराबादेतील मराठी कुटुंबांनी आधी घरचा चिखल उपसावा की गावाकडे फोन लावावा, अशी स्थिती होती. अशा वेळी वस्तू जमवावयास बसणे म्हणजे उशीर. पाणी तीन दिवसांत उतरते, आणि रोगाची वेळ चौथ्या दिवसापासून सुरू होते.

म्हणून धर्मग्रामाने मे महिन्यातच पंचवीस बादल्यांचे सामान तयार ठेवावे, असे आम्ही सुचवितो. साबण, टॉवेल, दोरी, बादली, तांब्या, फणी, पॅड हे कोरड्या जागी वर्षभर टिकते. क्लोरीनच्या गोळ्या व जलसंजीवनी यांची मुदत पाहून दरवर्षी बदल करावा, आणि जुनी होत आलेली पाकिटे मुदतीपूर्वी दवाखान्यास देऊन टाकावीत. उंदरांपासून साबण सांभाळावा. उंदरांना तो फार आवडतो. पावसाळ्यात संकट आले नाही, तर नोव्हेंबरमध्ये त्यातील साबण व पॅड जवळच्या आश्रमशाळेस किंवा धर्मभगिनींच्या वसतिगृहास द्यावेत आणि पुढल्या मे महिन्यात नव्याने भरावेत. संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या सभासदांनी खर्चाचा हिशेब ठेवावा. कपाटाची किल्ली मात्र महिला मंडळाकडे असावी, आणि दुसरी किल्ली चर्चच्या कार्यालयात. सोमवारी पहाटे पाणी चढले, आणि धर्मगुरू मिस्सेसाठी दुसऱ्या गावी गेलेले असले, तरी कुलूप उघडले पाहिजे.